वेलीची विश्रांती

नवा भाडेकरू आला की घरमालक पाण्याची वेळ सांगतो, गेट कधी बंद होतं ते सांगतो, पाहुणे किती दिवस चालतील तेही आडून सांगतो. आमच्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला झाडांच्या शिफ्ट सांगितल्या.

"सकाळच्या शिफ्टला जास्वंद, तगर, गुलाब. जनरल शिफ्टला कढीपत्ता, पपई आणि शेवगा, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही तरी चालतं. सेकंड शिफ्टला मोगरा आणि पुदिना. द्राक्षाची वेल तिन्ही शिफ्टला."

मी हातात गॅसची शेगडी धरून उभी होते. म्हटलं, "काका, आधी ही कुठे ठेवू ते सांगा."

त्यांचं सगळं आयुष्य एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात, कंट्रोल रूमच्या खुर्चीत गेलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाषा तिथलीच राहिली. पाण्यावाचून गुलाबाने मान टाकली की तो 'ट्रिप' व्हायचा. पानं गळून नुसत्या काटक्या उरलेलं झाड मेलं का असं विचारलं, तर ते दुखावून म्हणायचे, "शटडाऊनवर आहे."

मी नाशिकरोडच्या एका खासगी रुग्णालयात एक्स-रे काढते. श्वास आत घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढंच दिवसभर बोलायचं असतं. घरी आल्यावर गप्पांची हौस उरत नाही. जेलरोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या घराचा वरचा मजला द्यायला त्यांना अशीच भाडेकरू हवी होती. मी एकटी का राहते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मुलगा बंगळुरूला असतो, एवढं मी आपण होऊन सांगितलं. ते म्हणाले, "तिकडची हवा गुलाबाला चांगली."

बाग म्हणजे काय, तर समोर जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा, बाजूला बोळ आणि मागे धुणं धुवायच्या दगडाभोवतीचं मोकळं. पण मातीचा वीतभर तुकडा त्यांनी रिकामा ठेवला नव्हता. द्राक्षाची वेल मागे होती आणि लोखंडी पाइपांच्या मांडवावरून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येत होती. काकू दिंडोरीकडच्या. त्यांनी भावाच्या बागेतून काडी आणून ती लावली होती. मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. हे मला समोरच्या वहिनींनी सांगितलं. काकांनी सांगितलं नाही.

रोज सकाळी मी पोळ्या करत असताना खालून त्यांचा आवाज यायचा. "जास्वंद, दोन कळ्या, एक उमललेली. मोगरा स्टँडबाय. पपई, खालचं पान पिवळं. वेल नॉर्मल." एकेका झाडापुढे उभं राहून, स्पष्ट, सावकाश. सुरुवातीला मला वाटलं फोनवर असतील. एकदा खिडकीतून विचारलं, "काका, कुणाशी बोलताय?"

"पुढच्या शिफ्टला रीडिंग देतोय."

"कोण आहे पुढच्या शिफ्टला?"

त्यांनी बोळाकडे बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं. "आज कुणी आलेलं दिसत नाही," म्हणाले, आणि तुळशीकडे गेले. मी पोळी उलटली. ती थोडी करपली होती.

त्यांचं वर्ष कॅलेंडरवर नव्हतं, झाडांवर होतं. होळी झाली की ते सावली बांधायला घ्यायचे. जुन्या चादरी, फाटक्या सुती साड्या, एक शाळेचा तंबू वाटावा असं खाकी कापड. सगळं दोरीने इकडून तिकडे. मोगऱ्यावर मात्र काही नाही. "त्याला तापू दे. तापल्याशिवाय तो कामाला लागत नाही." समोरच्या वहिनींनी मला गेटवर गाठून विचारलं, "अहो, तुमच्याकडे लग्न आहे की धुणं?" मी सांगितलं, झाडांना ऊन लागतंय. त्या म्हणाल्या, "आणि त्यांना स्वतःला?" खरंच होतं. भर दुपारी ते पायरीवर उघड्यावर बसलेले असायचे, आणि मागे पुदिना काकूंच्या निळ्या साडीखाली गारव्यात.

पावसाळ्यात कुंड्या विटांवर चढायच्या, पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून. मग गोगलगायी यायच्या. त्या ते मारत नसत. डब्यात गोळा करून कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर सोडून यायचे. त्याला ते बदली म्हणायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेवढ्याच गोगलगायी अळूच्या पानांवर. "वशिला लावून बदली रद्द केलेली दिसते," असं गंभीरपणे म्हणून ते पुन्हा डबा घ्यायचे.

थंडीची गोष्ट वेगळी. एका जानेवारीत पहाटे माझ्या खोलीत धूर भरला. शाल गुंडाळून खाली धावले, तर काका मांडवाखाली घमेल्यात पालापाचोळा आणि नारळाच्या शेंड्या पेटवून बसलेले. बागायतदार कडाक्याच्या थंडीत बागांमधून शेकोट्या करतात, हे मला ठाऊक होतं. जेलरोडच्या गल्लीत ते कुणी केलेलं बघितलं नव्हतं.

"पारा खाली गेलाय," ते म्हणाले. "मण्यांना तडे जातील."

"एका वेलीसाठी एवढं?"

"एकच आहे म्हणून तर."

मी खोकत उभी राहिले. ते जरा सरकले. "थंडी वाजत असेल तर बसा. वेलीची हरकत नाही." मी बसले. वेलीवर घड लटकत होते, अजून कच्चे, हिरवे, आणि धूर त्यांच्यामधून वर चालला होता. उजाडायला लागलं तशी मी ड्यूटीची तयारी करायला उठले. त्याच आठवड्यात काकूंचा भाऊ तिळगूळ घेऊन आला. घमेलं बघून त्याने कपाळावर हात मारला. "दाजी, आमची पाच एकराची बाग हाय, आम्ही नाय करत एवढे लाड. लोकं हसतील ना तुम्हाला."

"हसू देत," काका म्हणाले. "तेवढीच जाग राहते गल्लीत."

द्राक्षं फेब्रुवारीच्या शेवटी गोड व्हायची. बुलबुल आधी पोचायचे, म्हणून घडांवर जुनी मच्छरदाणी टाकलेली असायची. मग एक दिवस ते घड उतरवून पिशव्या भरायचे आणि गल्लीत वाटायला निघायचे. काकूंच्या वेळेपासूनची रीत होती ती. फक्त काकू घरोघरी बसून, बोलून वाटायच्या. हे गेटला पिशवी अडकवायचे, बेल दाबायचे आणि दार उघडायच्या आत पुढच्या घराला लागायचे. वहिनी म्हणाल्या, "द्राक्षं देऊन चोरासारखं पळणारा माणूस मी पहिलाच बघतेय."

मी त्यांना विचारलं, "दोन मिनिटं आत का जात नाही?"

"आत गेलं की चहा. चहा झाला की विचारतात, जेवणाचं कसं करता."

"मग सांगायचं."

"काय सांगायचं?" ते म्हणाले. मीही रुग्णालयात डबा एकटीच खाते, एक्स-रेच्या खोलीत, दार लावून.

त्यांना एकच मुलगी, पुण्याला नोकरीत. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि काकांना कमी ऐकू येत असल्याने तो स्पीकरवर असायचा, म्हणून सगळं बोलणं माझ्या खिडकीपर्यंत यायचं. "बाबा, कधी येताय राहायला?" हा तिचा प्रश्न. उत्तर ऋतूप्रमाणे बदलायचं. "ऑक्टोबरची छाटणी होऊ दे." छाटणी झाली की, "आता फुटवे निघालेत, ते बांधायला लागतात." मग, "घड लागलेत, थंडी आहे, आत्ता सोडून कसा येऊ?" मग, "द्राक्षं उतरू देत." मग एप्रिलची छाटणी, मग उन्हाळ्याचं पाणी, "पुढच्या वर्षीचा घड आत्ताच काडीत ठरतो, हेच दिवस महत्त्वाचे." मग पाऊस, बुरशी. असं करत पुन्हा ऑक्टोबर. बारा महिन्यांचं काम आहे हे खोटं नव्हतं. पण पाच एकर सांभाळणारा मेव्हणासुद्धा चार लग्नांना जाऊन येतो, हेही खोटं नव्हतं. त्यांना जायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. मी ती ओळखून होते, आणि माझा काही संबंध नव्हता.

मग एका नोव्हेंबरात फुटवे बांधताना ते कट्ट्यावरून पडले. मी रिक्षा बोलावली, आमच्याच रुग्णालयात नेलं, एक्स-रे मीच काढला. श्वास धरा म्हणायची गरज नव्हती, त्यांनी धरलेलाच होता.

"रीडिंग?" त्यांनी विचारलं.

"मनगटाला तडा आहे. प्लास्टर घालावं लागेल."

"वेल?"

"वेल ठणठणीत आहे. ती कुठे पडली?"

मुलगी संध्याकाळी पुण्याहून गाडी चालवत आली. चाळिशीची, बारीक, खांद्याला लॅपटॉपची बॅग तशीच. वडिलांना बघून झाल्यावर ती वर माझ्याकडे आली आणि दारातच बोलली. "ताई, सकाळी जाग आली की मी आधी फोन बघते. तुमचा मिस्ड कॉल नाही ना, एवढंच." मी तिला चहा दिला. ती रडेल असं वाटलं होतं, पण तिने दोन बिस्किटं खाल्ली आणि ऑफिसचा कॉल घेतला. मला ती आवडली.

पुढच्या मार्चमध्ये तिने रविवारच्या फोनवर वेगळाच प्रश्न विचारला. आग्रह नाही, राग नाही. सहज विचारावं तसं. "बाबा, वेलीला सुट्टी कधी असते का हो?"

"असते ना," काका लगेच म्हणाले. "द्राक्षं उतरल्यावर, एप्रिलच्या छाटणीआधी. पंधरा-वीस दिवस वेल विश्रांतीत असते. तेव्हा तिला काही म्हणजे काही करायचं नसतं."

मग मुलगी म्हणाली, "मग मी येत्या शनिवारी गाडी घेऊन येते."

थोड्या वेळाने काका जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नसत. "मॅडम, माझी चूक झाली."

"ऐकलं मी. काहीतरी सांगायचं होतं, कीड पडलीय वगैरे."

"तिने रीडिंग विचारलं," ते म्हणाले. "विचारलेलं रीडिंग खोटं सांगायचं, ते मला येत नाही."

मला हसू आलं, मग आलं नाही. कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा चेहरा होता तो, समोरचे सगळे धोक्याचे दिवे एकदम लागलेले बघणारा.

ते पुण्याला गेले तेवढे दिवस बाग माझ्याकडे होती. रोज सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी त्यांचा फोन. मी एक्स-रेच्या आवाजात सांगायचे, "जास्वंद तीन. मोगरा कळ्या. पपईचं पान पिवळं."

"खालचं की मधलं?"

मी चपला घालून पुन्हा खाली जायचे. "मधलं."

"हं," म्हणायचे, आणि पलीकडे काहीतरी लिफ्टसारखं वाजायचं. एकदा मी विचारलं, तिकडे कसं आहे. "नववा मजला आहे," ते म्हणाले. "पक्षी खालून जातात."

छाटणीच्या आदल्या दिवशी मुलीने त्यांना आणून सोडलं. मला वाटलं आता पुन्हा ऋतूंची कारणं सुरू. पण ते पायरीवर बसले, मला खाली बोलावलं आणि म्हणाले, "ऑक्टोबरात मी कायमचा जातोय. शब्द देऊन आलोय."

"तिने जबरदस्ती केली?"

"नाही हो. ती एकटी असते हे मला माहीत होतं. म्हणजे, नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हापासून माहीत होतं. पण बघितलं नव्हतं. रात्री येते, ओट्याशी उभी राहून जेवते. भांडं धुऊन ठेवते. एकच. मला वाटायचं, ती मला न्यायला बघतेय ते माझ्यासाठी."

मी उठून मोगऱ्याला पाणी घातलं.

त्या उन्हाळ्यात सावल्या बांधल्या गेल्या, पण निम्म्याच. पावसाळ्यात गोगलगायींच्या बदल्या झाल्या नाहीत. कुंड्यांमधली झाडं ते एकेक करून देऊन टाकत होते, आणि या वेळी बेल दाबून पळत नव्हते. वहिनींकडे गुलाब घेऊन गेले तेव्हा आत बसून चहा पिऊन आले. वहिनींनी मला सांगितलं, "जेवणाचं मी विचारलंच नाही. त्यांनीच सांगितलं, रोज खिचडी."

ऑक्टोबरात मुलगी आली. गाडी गेटशी उभी, दोन बॅगा आत ठेवलेल्या. काका मागे वेलीपाशी गेले. मी खिडकीतून बघत होते. ऑक्टोबरच्या छाटणीत काड्या लांब ठेवतात, कारण घड काडीवरच्या वरच्या डोळ्यांतून, म्हणजे फुटव्याच्या गाठींतून येतो, आणि एप्रिलमध्ये खोडाजवळ एकच डोळा ठेवून बाकी सगळं उडवतात. नाशिकमध्ये एवढं बागायतदार नसलेल्यालाही माहीत असतं. काका एप्रिलसारखं कापत होते. लांबलचक पिकल्या काड्या एकामागून एक खाली पडत होत्या. मी धावत खाली गेले.

"काका, हा ऑक्टोबर आहे. एवढं खाली कापलं तर एक घड येणार नाही."

"माहितेय."

"मग?"

"आमच्याकडे नियम होता," ते कापत कापत म्हणाले. "पुढचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. बायको आजारी असो, घरी पाहुणे असोत. तो आला नाही तर तुम्ही दुसरी शिफ्ट करायची. तिसरीही करायची. फक्त युनिट बंद असेल तरच उठता येतं."

"मी आहे ना."

त्यांनी कात्री थांबवली आणि माझ्याकडे बघितलं, चांगल्या नजरेने. "तुम्ही भाडेकरू आहात, मॅडम. उद्या मुलगा बोलावेल आणि तुम्ही जाल. जायलाच पाहिजे. फेब्रुवारीत घड लटकलेले असतील आणि उतरवायला कुणी नसेल, ते मला तिकडे बसून चालणार नाही."

ते खरं होतं. मी पडलेल्या काड्या गोळा केल्या. खालच्या घराची किल्ली त्यांनी मला दिली, गाडीत पुढच्या सीटवर बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टा." ते म्हणाले, "लावलाय." गाडी वळली. मला ड्यूटी होती.

वेल त्या हिवाळ्यात नुसती पानांनी भरली. इतकी की माझी खिडकी हिरवी झाली. घड एकही नाही. काकांचा फोन रविवारी यायचा. ते पाण्याच्या टाकीचं विचारायचे, गल्लीतल्या खड्ड्यांचं विचारायचे, मुलीला पिठलं करायला शिकवलं ते सांगायचे. दोघं आता जेवायला बसतात, असंही एकदा म्हणाले. बागेचं अक्षर नाही. मीही काढलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मीच काढलं. "काका, वेल बोळात पसरलीय. शेजारच्यांच्या भिंतीवर गेलीय. छाटायची का?"

ते म्हणाले, "तुम्ही अजून किती दिवस आहात तिथे?"

"मुलाने बोलावलं तर जाईन."

"बोलावलंय?"

"नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, मुलीने काहीतरी विचारलं, ते तिला "थांब जरा" म्हणाले. मीही थांबले. मुलाने बोलावलेलं नाही, हे कुणाला तोंडाने पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"प्रत्येक काडीला एकच डोळा ठेवायचा," ते म्हणाले. "कात्री तिरकी धरायची. खोडाच्या डाव्या बाजूने सुरुवात करा."

"थांबा, कात्री घेऊन येते," मी म्हटलं. "फोन ठेवू नका."